व्यापारचिन्हांची आंतरराष्ट्रीय नोंदणी : गोंदिया जिल्हा

एखाद्या मालाचा उत्पादक वा विक्रेता कोण, हे ग्राहकास ओळखता यावे म्हणून मालावर अथवा त्याच्या वेष्टनावर वापरलेले नाव, चित्र, अंक, रंगयोजना किंवा या सर्वांचा संयोग म्हणजे व्यापारचिन्ह. व्यापारचिन्ह ज्या देशात नोंदविले जाते, त्या देशाच्या सीमेपर्यंतच त्यास नोंदणीचे संरक्षण मिळते. माल मात्र सीमा ओलांडून जातो. ही विसंगती दूर करण्यासाठी एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत संरक्षण मागण्याची व्यवस्था अस्तित्वात आली. तिचा उगम १८९१ मध्ये माद्रिद येथे झालेल्या करारात असल्याने ती ‘माद्रिद पद्धती’ म्हणून ओळखली जाते. भारत या पद्धतीत ८ जुलै २०१३ पासून सहभागी झाला. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यापुरता विचार केल्यास या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात; कारण या जिल्ह्यातील बिडी हा माल प्रथमपासून चिन्हावर विकला गेला, तर तांदूळ हा दुसरा प्रमुख माल बहुतांशी चिन्हाविना जिल्ह्याबाहेर जात राहिला.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा असून पूर्वेस छत्तीसगढ राज्य आहे. जिल्ह्याच्या जंगलांत टेंभुर्णीची (तेंदूची) झाडे विपुल आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी या झाडांस येणारी कोवळी पाने तोडून, त्यांचे पुडके बांधून ती वाळविली जातात व बिडी वळण्यासाठी वापरली जातात. नागपूरहून छत्तीसगढकडे जाणारा लोहमार्ग १८८० नंतरच्या दशकात तयार झाला आणि पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया–जबलपूर हा अरुंदमापी मार्ग खुला झाल्यावर गोंदियास जंक्शनचे महत्त्व आले. जबलपूर येथे त्याच सुमारास गुजरातेतून आलेल्या पाटीदार व्यापाऱ्यांनी बिडीच्या धंद्याचा पाया घातला होता. पान जंगलात, तंबाखू रेल्वेने आणलेली आणि मजूर शेतीचा हंगाम संपल्यावर रिकामे, अशी स्थिती असल्याने हा धंदा भंडारा-गोंदियाच्या परिसरात लवकर रुजला. छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी ही या परिसरातील मोठ्या पेढ्यांपैकी एक होय. बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल (१९०६–७०) यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली; जिल्ह्यातील अनेक शाळा-महाविद्यालयांच्या मुळाशी बिडीचा पैसा आहे तो असा. [→ बिडी उद्योग].

बिडी ही वस्तू स्वभावतः निनावी आहे. पान, तंबाखू व दोरा यांखेरीज तीत काही नसते आणि एका गावात वळलेली बिडी दुसऱ्या गावात वळलेल्या बिडीहून नजरेने वेगळी काढणे कठीण असते. वेगळेपण येते ते बंडलावरील कागदाने. सु. वीस-पंचवीस बिड्यांच्या कट्ट्याभोवती गुंडाळलेल्या पातळ रंगीत कागदावर वाघ, सिंह, हरीण, विमान, देवता, एखादा अंक किंवा खुद्द पेढीच्या मालकाचे छायाचित्र छापण्याची प्रथा पडली. गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांस वाचता येत नसे. पानठेल्यावर उभा राहून गिऱ्हाईक मागत असे ते नाव नव्हे, तर चित्र किंवा अंक. म्हणून बिडीच्या धंद्यात खरी मालमत्ता कारखान्याची इमारत वा यंत्रे ही नसून लेबल ही होती. यंत्रे तर जवळजवळ नव्हतीच. भागीदारी फुटली की भांडण लेबलाच्या मालकीवरून होई, आणि एखादी बिडी खपू लागली की काही महिन्यांत तिच्या लेबलाशी मिळतीजुळती लेबले बाजारात येत. वाघाच्या जागी बिबट्या, २२ या अंकाच्या जागी २२२, अशा स्वरूपाची ही नक्कल असे.

या लेबलांना कायद्याचा आधार प्रथम तुटपुंजा होता. भारतीय दंडसंहिता (१८६०) व व्यापारी माल चिन्ह अधिनियम (१८८९) यांनी खोटे चिन्ह वापरणे हा गुन्हा ठरविला होता. परंतु चिन्हाची नोंदवही मात्र नव्हती. तेव्हा व्यापारी दस्तऐवज-नोंदणी कार्यालयात मालकीचे प्रतिज्ञापन नोंदवीत, वृत्तपत्रांत जाहीर सूचना देत आणि नक्कल करणाऱ्यावर दिवाणी दावा लावीत. व्यापारचिन्हांची रीतसर नोंदणी व्यापारचिन्ह अधिनियम, १९४० या कायद्याने आली व तिची अंमलबजावणी १ जून १९४२ पासून झाली. त्यानंतर १९५८ चा व्यापार व व्यापारी माल चिन्ह अधिनियम (अंमल २५ नोव्हेंबर १९५९ पासून) आणि हल्लीचा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) हे क्रमाने आले. १९५८ च्या कायद्यात नोंदणीची मुदत सात वर्षांची होती. ती १९९९ च्या कायद्याने दहा वर्षांची झाली. नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईस असून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगढ हा सर्व प्रदेश त्याच्याच अधिकारक्षेत्रात येतो. त्यामुळे गोंदियाची पेढी आणि सीमेपलीकडील बालाघाट वा जबलपूर येथील पेढी या दोघींचे अर्ज एकाच दारी जातात.

दोन चिन्हांतील साम्य कोणत्या कसोटीवर ठरवावे, या प्रश्नाचा भारतीय न्यायालयांनी दिलेला निवाडा बिडीसारख्या मालाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. ‘ग्लुकोव्हिटा’ व ‘ग्लुविटा’ या नावांविषयीच्या, मुंबईहून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सर्वसाधारण बुद्धीच्या व अपुरी आठवण असलेल्या ग्राहकाची दृष्टी ग्राह्य धरली. पुढे २००१ मधील कॅडिला प्रकरणात त्याच न्यायालयाने असे दाखवून दिले, की इंग्रजी न जाणणारे व निरक्षर ग्राहक ज्या देशात मोठ्या संख्येने आहेत, तेथे इंग्लंडमधील निकष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. चित्र पाहून बिडी मागणारा ग्राहक यामुळे कायद्याच्या कक्षेत आला.

लेबलाशी आणखी एक प्रश्न निगडित होता, तो मजुरांचा. बिडी वळण्याचे काम बहुतांशी घरोघरी चाले. सट्टेदार हा मध्यस्थ पान व तंबाखू वाटून देई, वळलेल्या बिड्या मोजून घेई, ‘छाट’ म्हणून काही नाकारी आणि हजारी दराने मजुरी चुकती करी. या कामात स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. मजुरी थकली की पेढी सट्टेदाराकडे बोट दाखवी. अशा वेळी मजुरांच्या बाजूने हाच युक्तिवाद केला जाई, की बिडी ज्याच्या लेबलाखाली विकली जाते, तोच खरा मालक. बिडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम, १९६६ या कायद्याने ‘मुख्य नियोजक’ ही संकल्पना आणून सट्टेदाराच्या पाठीमागे उभ्या असलेल्या उत्पादकास जबाबदारीत ओढले व १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाच्या मुख्य तरतुदी वैध ठरविल्या. व्यापारचिन्हाने मालकास जसा हक्क दिला, तसा त्याचा ठावठिकाणाही सांगितला. लेबलाच्या इतिहासातील हा भाग व्यापारचिन्हांवरील लेखनात सहसा येत नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात मात्र तो वगळून चालणार नाही.

राज्यांच्या सीमांचा लेबलावर परिणाम झाला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी गोंदिया, बालाघाट व जबलपूर एकाच राज्यात होती; त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदे करून तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला, तेव्हा पानाला राज्याची सीमा लागू झाली. लेबलाला ती कधीच लागली नाही, कारण नोंदणी संपूर्ण भारतासाठी असते. लेबलाचा हक्क संपतो तो देशाच्या सीमेवर. भारतीय मजूर व व्यापारी जेथे जेथे गेले, तेथे बिडीही गेली. त्या प्रत्येक देशात चिन्हाचे संरक्षण हवे असल्यास तेथील वकील नेमून, तेथील भाषेत, तेथील चलनात शुल्क भरून वेगळा अर्ज करावा लागे. एखाद्या स्थानिक आयातदाराने तेच लेबल आधीच आपल्या नावे नोंदविले असेल, तर मूळ मालकाचाच माल अडण्याचा संभव असे.

माद्रिद पद्धतीची पूर्वपीठिका १८८३ च्या पॅरिस करारात आहे. एका सदस्य देशात अर्ज केल्यानंतर ठरावीक मुदतीत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केल्यास पहिल्या अर्जाची तारीख ग्राह्य धरण्याची सवलत त्याने दिली. अर्ज मात्र वेगवेगळेच राहिले. १४ एप्रिल १८९१ रोजी झालेल्या माद्रिद कराराने पुढचे पाऊल टाकले. मायदेशी नोंदलेले चिन्ह बर्न येथील आंतरराष्ट्रीय कार्यालयात एकदा नोंदविले, की ते सर्व सदस्य देशांत नोंदल्यासारखे मानावे, अशी ही योजना होती. करार १८९२ मध्ये अंमलात आला. बेल्जियम, फ्रान्स, स्पेन व स्वित्झर्लंड हे त्याचे आरंभीचे सदस्य होत. १८९३ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय नोंदणी झाली ती सुशार या स्विस चॉकलेट-उत्पादकाच्या चिन्हाची. हे कार्यालय १९६० मध्ये जिनीव्हास हलविण्यात आले व पुढे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत अंतर्भूत झाले.

ब्रिटन व अमेरिका या कराराबाहेर राहिले आणि भारतही त्यापासून दूर होता. फ्रेंच ही कामकाजाची एकमेव भाषा होती. मायदेशात नोंदणी पूर्ण झाल्यावरच अर्ज करता येई. संरक्षण नाकारण्यासाठी परकीय कार्यालयास एका वर्षाचीच मुदत मिळे. जेथे अर्जांची बारकाईने छाननी होऊन नोंदणीस वर्षे लागत, अशा देशांच्या व्यापाऱ्यांना ही व्यवस्था तोट्याची होती, कारण छाननी न करणाऱ्या देशांतील चिन्हे त्यांच्या आधी आंतरराष्ट्रीय नोंदवहीत शिरत. ही अडचण दूर करण्यासाठी २७ जून १९८९ रोजी माद्रिद येथेच एक स्वतंत्र शिष्टाचार-करार संमत झाला व एप्रिल १९९६ पासून त्याखाली नोंदणी सुरू झाली. त्याने केवळ प्रलंबित अर्जाच्या आधारेही आंतरराष्ट्रीय अर्ज करण्याची मुभा दिली, इंग्रजी भाषा स्वीकारली, नकाराची मुदत अठरा महिन्यांपर्यंत वाढविण्याचा पर्याय ठेवला आणि सदस्य देशांस स्वतःचे शुल्क ठरवू दिले. ब्रिटन १९९५ मध्ये, जपान २००० मध्ये व अमेरिका २००३ मध्ये तीत आले. भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी पॅरिस कराराचा सदस्य झाला. त्यानंतर २०१० च्या सुधारणा अधिनियमाने व्यापारचिन्ह कायद्यात आंतरराष्ट्रीय नोंदणीचे नवे प्रकरण घातले गेले. ८ एप्रिल २०१३ रोजी भारताने सहभागाचा लेख जिनीव्हास सादर केला व तीन महिन्यांनी तो अंमलात आला. २०२४ मध्ये कतारच्या प्रवेशानंतर या संघाचे ११५ सदस्य झाले असून त्यांत १३१ देशांचा समावेश होतो.

कार्यपद्धती : गोंदियाच्या उत्पादकास थेट जिनीव्हास अर्ज करता येत नाही. त्याचे चिन्ह प्रथम भारतात नोंदलेले असावे लागते, निदान त्यासाठी अर्ज तरी केलेला असावा लागतो. या मूळ चिन्हाच्या आधारे तो भारतीय नोंदणी कार्यालयामार्फत आंतरराष्ट्रीय अर्ज करतो व ज्या देशांत संरक्षण हवे त्यांची नावे त्यात देतो. चिन्ह, मालक व मालाची यादी ही मूळ नोंदीशी जुळतात, असे भारतीय कार्यालय प्रमाणित करते. चिन्हात देवनागरी वा गुजराती अक्षरे असल्यास त्यांचे रोमन लिप्यंतर द्यावे लागते. जिनीव्हाचे कार्यालय अर्जाचा केवळ नमुना, वर्गीकरण व शुल्क तपासते. चिन्हाच्या योग्यायोग्यतेत शिरत नाही. भारत सहभागी झाला त्या वेळी मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हास ६५३ व रंगीत चिन्हास ९०३ स्विस फ्रँक होते. शिवाय प्रत्येक देशासाठी १०० फ्रँक किंवा त्या देशाने ठरविलेले स्वतंत्र शुल्क द्यावे लागे. बिडीच्या लेबलात रंग हाच ओळखीचा मोठा भाग असल्याने हा फरक त्या धंद्यास जाणवणारा होता. नोंदणी दहा वर्षे टिकते व नूतनीकरण, मालकी-बदल वा पत्त्यातील बदल जिनीव्हास एकदाच कळवून भागते. या पद्धतीचा खरा लाभ अर्जाच्या दिवसापेक्षा नंतरच्या वर्षांत अधिक दिसतो.

तथापि एक अर्ज म्हणजे एक जागतिक हक्क नव्हे. नामनिर्देशित प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार चिन्ह तपासतो आणि ठरलेल्या मुदतीत नकार कळवू शकतो; मुदत उलटली व नकार आला नाही, तर संरक्षण मिळाले असे मानले जाते. देवतेचे चित्र असलेल्या लेबलास एक देश हरकत घेणार नाही, तर दुसरा ते धार्मिक भावनांस बाधक म्हणून नाकारील. नकार आला, की त्या देशातील वकील नेमण्याचा खर्च टळत नाही.

याहून नाजूक अट मूळ नोंदीवरील अवलंबनाची आहे. आंतरराष्ट्रीय नोंदणीपासून पाच वर्षांच्या आत मूळ भारतीय अर्ज नाकारला गेला किंवा नोंदणी रद्द झाली, तर सर्व देशांतील संरक्षण त्याबरोबर कोसळते. पाच वर्षांच्या आत सुरू झालेल्या कार्यवाहीचा निकाल नंतर लागला तरी परिणाम तोच. मुंबईत जिंकलेली एक लढाई प्रतिस्पर्ध्यास दहा देशांतील विजय मिळवून देऊ शकते. भारतात अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांपर्यंत कोणासही विरोध नोंदविता येतो, आणि बिडीच्या लेबलांना असा विरोध होणे ही नित्याची बाब आहे. म्हणून दशकानुदशके नोंदलेल्या, वाद मिटलेल्या लेबलास ही पद्धती जितकी सोयीची, तितकीच नुकताच अर्ज केलेल्या लेबलास जोखमीची ठरते. कोसळलेल्या नोंदणीचे तीन महिन्यांत देशनिहाय स्वतंत्र अर्जांत रूपांतर करून मूळ तारीख राखण्याची तरतूद आहे. परंतु त्या वेळी प्रत्येक देशाचा वेगळा खर्च पुन्हा उभा राहतो आणि एकाच अर्जातील बचत नाहीशी होते.

शिवाय, जवळचे देशच या जाळ्यात पूर्णपणे आलेले नाहीत. भूतान २००० पासून, अफगाणिस्तान २०१८ पासून व पाकिस्तान २०२१ पासून सदस्य आहेत. परंतु २०२४ अखेरपर्यंत बांगला देश, नेपाळ व श्रीलंका हे देश बाहेर होते. भारतीय व्यापाऱ्यांची जुनी बाजारपेठ असलेला संयुक्त अरब अमिरातीचा संघ २०२१ च्या अखेरीस सामील झाला.

चिन्हाची नोंदणी म्हणजे माल विकण्याची परवानगी नव्हे, ही गोष्टही बिडीच्या बाबतीत ठळकपणे दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये काही बिड्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून तंबाखूच्या वेष्टनांवरील चित्रे व रंग काढून टाकण्याची सक्ती केली. चिन्ह नोंदवहीत राहिले, पाकिटावरून गेले. यामुळे व्यापारचिन्हाच्या हक्काचा भंग होतो, हा काही देशांचा आक्षेप जागतिक व्यापार संघटनेने २०१८ मध्ये व अपिलात २०२० मध्ये फेटाळला. चिन्हाचा हक्क हा इतरांस ते वापरण्यापासून रोखण्याचा आहे, स्वतः वापरण्याचा निरपवाद हक्क नव्हे, असे तेथे ठरले. भारतातही १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर आरोग्यविषयक सचित्र इशारा छापणे बंधनकारक झाले. बिडीच्या कट्ट्यावरील वाघ-सिंहांना उरलेल्या जागेत राहावे लागले. तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी शंका उरलेली नसल्याने याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र वळणाऱ्या हातांचे पुढे काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

तांदळाची स्थिती बिडीच्या उलट आहे. भात हे जिल्ह्याचे मुख्य पीक आणि भात-गिरण्या हा त्याचा मुख्य उद्योग. शासनाच्या आधारभूत किंमत योजनेखाली खरेदी केलेल्या धानाची भरडाई या गिरण्या करतात. तो तांदूळ शासकीय गोदामात जातो व त्यावर गिरणीचे व्यापारचिन्ह असण्याचे कारण नसते. परदेशी जाणारा बिगर-बासमती तांदूळ मोठ्या प्रमाणावर निर्यातदाराच्या अथवा परकीय आयातदाराच्या चिन्हाच्या पोत्यांत भरला जातो. पश्चिम आफ्रिका ही अशा तांदळाची मोठी बाजारपेठ आहे. आफ्रिकेतील बहुतांशी फ्रेंच भाषिक अशा सतरा देशांची बौद्धिक संपदा संघटना २०१५ पासून माद्रिद पद्धतीची सदस्य असल्याने एका नामनिर्देशाने सेनेगल, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टोगो, कॅमेरून आदी देशांत संरक्षण मागता येते. सोय मोठी आहे. परंतु ज्याच्याजवळ मायदेशी नोंदलेले वा नोंदणीस टाकलेले चिन्हच नाही, त्यास तिचा उपयोग नाही. बिडीच्या पेढीने शंभर वर्षांपूर्वी जे केले, ते तांदळाच्या गिरणीने अजून करावयाचे आहे. चिन्ह मिळविले तरी ते वापरात ठेवावे लागते, कारण पुष्कळ देशांत तीन किंवा पाच वर्षे न वापरलेले चिन्ह रद्द करता येते. आणि वापर नेहमीच मालकाच्या हाती नसतो. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी होती.

चिन्नोरसारख्या सुवासिक वाणांसाठी दुसरा मार्ग भौगोलिक निर्देशाचा आहे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळास असा निर्देश २०२१ मध्ये मिळाला. भौगोलिक निर्देश हा एका पेढीचा नसून त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचा असतो व माद्रिद पद्धतीत तो त्या रूपात नोंदविता येत नाही. भौगोलिक निर्देशांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीसाठी असलेल्या लिस्बन व्यवस्थेत भारत सामील झालेला नाही. तथापि उत्पादकांच्या संघाने तेच नाव सामूहिक अथवा प्रमाणन चिन्ह म्हणून भारतात नोंदविल्यास त्याच्या आधारे माद्रिद पद्धतीचा अर्ज करता येतो. त्यासाठी चिन्ह कोणी व कोणत्या अटींवर वापरावे याची नियमावली द्यावी लागते आणि ती पाळली जाते की नाही, यावर देखरेख ठेवणारी संस्था असावी लागते.